मुलांच्या पाठीकडे पाहण्याचा इतिहास : पृष्ठवंशाची पार्श्ववक्रता, शस्त्रक्रियेविना उपचार आणि शालेय आरोग्यतपासणी (मालेगाव तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवी पृष्ठवंश पाठीमागून पाहिला असता सरळ रेषेत दिसतो. काही मुलांमध्ये, विशेषतः वाढीच्या वयात, हा कणा बाजूला झुकू लागतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती पिळले जातात. या विकृतीस वैद्यकशास्त्रात स्कोलिओसिस असे म्हणतात. मराठीत ‘कुबड’ हा शब्द प्रचलित असला तरी तो पाठीच्या मागे आलेल्या उंचवट्याचा वाचक आहे. बाजूस झालेल्या वाकासाठी तो अपुरा पडतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘पार्श्ववक्रता’ ही संज्ञा योजिली आहे.

क्ष-किरण चित्रावर मोजलेला वाक १० अंश किंवा अधिक असल्यास त्यास पार्श्ववक्रता मानले जाते. १० ते १६ या वयोगटातील सुमारे २ ते ३ टक्के मुलांमध्ये ती आढळते. बहुसंख्य मुलांमध्ये तिचे निश्चित कारण सापडत नाही, म्हणून तिला ‘अज्ञातहेतुक’ म्हटले जाते. सौम्य वाक मुलगे व मुली या दोहोंत आढळतो. परंतु वाढत जाणारा, उपचार आवश्यक ठरणारा वाक मुलींमध्ये कितीतरी अधिक असतो. या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की, आरंभीच्या काळात तो सहसा दुखत नाही. दुखत नसल्याने मूल तक्रार करीत नाही, आणि तक्रार नसल्याने कोणी पाहत नाही.

शस्त्रक्रियेविना उपचारांचा इतिहास हा मुख्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. पट्टा असो वा व्यायाम, त्याचे यश मूल वाढत असतानाच वाक कोणाच्या तरी दृष्टीस पडण्यावर अवलंबून राहिले आहे. म्हणून हा इतिहास जितका औषधोपचाराचा तितकाच ‘पाहण्याचा’ आहे, आणि त्या पाहण्याच्या भारतीय इतिहासाचा एक धागा मालेगाव तालुक्यापर्यंत पोहोचतो.

प्राचीन संकल्पना

भारतीय परंपरेत वाकलेल्या शरीराची जाणीव फार जुनी आहे. चरकसंहितेतील ८० वातविकारांच्या गणनेत कुब्जत्वाचा उल्लेख येतो. पुराणकथांतील अष्टावक्र, रामकथेतील मंथरा आणि मथुरेतील कुब्जा ही पात्रे कीर्तन-प्रवचनांतून मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. कुब्जेच्या कथेत श्रीकृष्ण तिच्या पायांवर पाय ठेवून, हनुवटीस बोटांनी धरून तिला वर उचलतो व ती सरळ होते. कथेचा आशय भक्तीचा आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि कणा सरळ करण्याची लोककल्पना ‘ताणणे’ हीच होती, हे त्यातून सूचित होते.

ग्रीक वैद्यकातही हीच कल्पना आढळते. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातील हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रंथांत रुग्णाला शिडीला बांधून हिसका देण्याचे, तसेच फळीवर निजवून दोन्ही बाजूंनी ताणण्याचे वर्णन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलनने पाठीच्या निरनिराळ्या वाकांना जी नावे दिली, त्यांतूनच स्कोलिओसिस ही आजची संज्ञा आली आहे. नाव मिळाले, परंतु पुढील हजार-दीड हजार वर्षांत उपचारात मूलगामी बदल झाला नाही.

यंत्राकडून निरीक्षणाकडे

सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यवैद्य आंब्रवाज पारे याने लोखंडी पत्र्याच्या, भोके पाडलेल्या अंगरख्याचे वर्णन केले. वाढत्या मुलांसाठी हा अंगरखा वरचेवर बदलावा लागतो, हेही त्याने नोंदविले. आजच्या पट्ट्याचे मूळ येथे सापडते. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी व सुधारण्याविषयी ग्रंथ लिहिला. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द त्यानेच घडविला. वाकड्या रोपट्याला खुंटाशी बांधल्याचे त्याच्या ग्रंथातील चित्र आजही अस्थिवैद्यकाचे बोधचिन्ह म्हणून वापरले जाते. त्याचा ग्रंथ प्रामुख्याने आईवडिलांना उद्देशून होता. मुलाच्या शरीराकडे प्रथम लक्ष जाते ते घरच्यांचे, हे आंद्रीने ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने वैद्यकीय व्यायामाची पद्धत विकसित केली. १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे त्याची संस्था स्थापन झाली. याच शतकात, शाळेतील बाकांवर वेडेवाकडे बसल्याने मुलांचा कणा वाकतो, असा समज युरोपात बळावला. आजच्या ज्ञानानुसार अज्ञातहेतुक पार्श्ववक्रतेचे कारण बसण्याची ढब नाही. मात्र या चुकीच्या समजुतीने एक उपयुक्त परिणाम साधला. शाळेतील मुलांच्या पाठीकडे वैद्यांचे लक्ष वळले.

निदानाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा १८६५ चा मानावा लागेल. लंडनचे शल्यवैद्य विल्यम अॅडम्स यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत पुढे वाकण्याच्या चाचणीचे वर्णन केले. यामागे एक शवविच्छेदन होते. इग्वानोडॉन या प्राण्याच्या जीवाश्मांचा शोध लावणारे गिडिअन मँटेल १८५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या कमरेजवळचा उंचवटा हयातीत गाठ समजला गेला होता. मरणोत्तर तपासणीत तो पिळलेल्या मणक्यांचा परिणाम असल्याचे दिसून आले. कणा केवळ वाकत नाही, तो फिरतोही. म्हणून मूल पुढे वाकले की एका बाजूच्या फासळ्या वर उचललेल्या दिसतात. या चाचणीस कोणतेही यंत्र लागत नाही. उघडी पाठ, पुरेसा उजेड आणि पाहणारी व्यक्ती एवढे पुरते. दीडशे वर्षांनंतरही प्राथमिक तपासणीत तिची जागा दुसऱ्या चाचणीने घेतलेली नाही.

कवळाणे, बडोदे आणि शालेय तपासणीचा आरंभ

चाचणी उपलब्ध असली तरी ती करण्यासाठी मुले एका ठिकाणी यावी लागतात आणि ती तपासणे हे कोणाचे तरी कर्तव्य ठरावे लागते. या दोन्ही गोष्टी सार्वत्रिक शिक्षणाने घडविल्या. इंग्लंडमध्ये १८८० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेल्या तरुणांच्या अशक्त शरीरांमुळे तेथे चिंता उत्पन्न झाली, १९०४ मध्ये शारीरिक ऱ्हासासंबंधी चौकशी समितीचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली.

भारतात हा क्रम प्रथम घडला तो ब्रिटिश प्रांतात नव्हे, तर बडोदे संस्थानात. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा जन्म १८६३ मध्ये मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रायोगिक तत्त्वावर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ याच घटनेपासून मानला जातो.

या दोन तारखांमधील संबंध लक्षणीय आहे. मूल शाळेत येणे ही पालकांची मर्जी असेतोवर त्याचे शरीर ही घरची बाब होती. शाळा सक्तीची झाल्यावर त्या शरीराची काही जबाबदारी राज्यकर्त्यावर येते, हे तत्त्व बडोद्याने कृतीतून मान्य केले. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने व १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रेणुका रे समितीने शालेय आरोग्याचा विचार राष्ट्रीय पातळीवर मांडला.

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा आणि पुनर्वसन

बडोद्याने आणखी एक वारसा दिला तो शारीरिक शिक्षणाचा. प्रा. माणिकराव यांची व्यायामशाळा आणि द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यासाची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा शाळाशाळांतून प्रसार केला.

या परंपरेचे मोल मोठे आहे. तथापि पार्श्ववक्रतेच्या संदर्भात तिची मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे. जोर, बैठका व सूर्यनमस्कार हे शरीराच्या दोन्ही बाजूंना समान राबविणारे व्यायाम आहेत. एका बाजूस पिळलेल्या कण्यासाठी त्या विशिष्ट वाकाच्या विरुद्ध दिशेने आखलेला, म्हणजेच जाणीवपूर्वक असमान व्यायाम लागतो. जर्मनीतील काथारिना श्रोथ यांनी १९२१ पासून माइसेन येथे अशी पद्धत विकसित केली. त्या स्वतः पार्श्ववक्रतेच्या रुग्ण होत्या आणि तरुणपणी त्यांनी पोलादी पट्टा वापरला होता. आरशासमोर उभे राहून, छातीच्या दबलेल्या भागात श्वास भरून कणा सुधारण्याचे त्यांचे तंत्र आज जगभर वापरले जाते. सामान्य व्यायाम मुलास सुदृढ ठेवतो. विशिष्ट व्यायाम त्याच्या वाकाला उद्देशून असतो. शाळेतील व्यायामतास दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात विकलांग मुलांच्या शास्त्रीय उपचारास गती मिळाली ती पोलिओमुळे. फातिमा इस्माईल यांनी आपल्या पोलिओग्रस्त मुलीच्या अनुभवातून १९४७ मध्ये मुंबईत या मुलांसाठी कार्य सुरू केले. त्यातूनच हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले आणि १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओने पाठीचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांमध्ये तीव्र पार्श्ववक्रता निर्माण होत असे. पट्टे व आधार तयार करणाऱ्या तंत्रज्ञांची आणि भौतिकोपचार तज्ज्ञांची पहिली पिढी या गरजेतून घडली.

१९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम राबविली गेली. देशातील शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी हा विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. पोलिओजन्य वक्रता त्यामुळे मागे पडली. परंतु पोलिओचे लुळेपण लगेच डोळ्यांत भरत असे, अज्ञातहेतुक वक्रता मात्र कपड्यांखाली लपते. दिसणारा विकार गेल्यावर न दिसणारा उरला आहे.

मोजमाप, पट्टा आणि पुरावा

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील जॉन कॉब यांनी वाक मोजण्याची सोपी रीत सांगितली. ‘कॉब कोन’ हेच आजचे सर्वमान्य परिमाण होय. १९५८ मध्ये जोसेफ रिसर यांनी कटीच्या हाडाच्या कडेवरून मुलाची वाढ किती उरली आहे, हे ओळखण्याची खूण वर्णिली. या दोन मोजमापांमुळे ‘वाक किती’ आणि ‘वाढ किती बाकी’ हे दोन मूलभूत प्रश्न अंकांत विचारता येऊ लागले. सामान्यतः २० ते २५ अंशांखालील वाकात ठरावीक काळाने निरीक्षण, वाढ शिल्लक असताना २५ ते ४० अंशांत पट्टा आणि ४५ ते ५० अंशांपलीकडे शस्त्रक्रियेचा विचार, असा संकेत रूढ आहे.

१९४५-४६ च्या सुमारास वॉल्टर ब्लाउंट व अल्बर्ट श्मिट यांनी मिलवॉकी पट्टा तयार केला. हनुवटीपर्यंत पोहोचणारा हा पट्टा मुलांना नकोसा वाटे. सत्तरीच्या दशकात काखेखाली बसणारा, प्लास्टिकचा बोस्टन पट्टा आला आणि तो कपड्यांत झाकता येऊ लागला. दरम्यान १९६२ मध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी धातूच्या दांड्यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यामुळे पट्ट्यांविषयी शंका वाढली.

या शंकेचे निरसन २०१३ मध्ये झाले. अमेरिका व कॅनडातील केंद्रांत स्टुअर्ट वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी १० ते १५ वयाच्या, २० ते ४० अंश वाक असलेल्या मुलांचा अभ्यास केला. वाढ पूर्ण होईपर्यंत वाक ५० अंशांखाली राहणे हे यश मानले होते. पट्टा वापरणाऱ्यांत हे यश ७२ टक्के, तर केवळ निरीक्षणाखालील मुलांत ४८ टक्के आढळले. पट्ट्याचा लाभ स्पष्ट झाल्याने हा अभ्यास नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. पट्ट्यात बसविलेल्या संवेदकांनी दाखवून दिले की, दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा अधिक काळ तो वापरणाऱ्यांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होते. या अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पट्टा न लावताही जवळजवळ निम्म्या मुलांचा वाक धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला नाही. म्हणजे प्रत्येक वाकास पट्टा आवश्यक असतोच असे नाही. नियमित निरीक्षण हाही उपचारच होय.

लहान बालकांबाबत ब्रिटनमधील मिन मेहता यांचे कार्य मूलभूत आहे. १९७२ मध्ये त्यांनी फासळी व मणका यांतील कोनावरून वाढणारा वाक ओळखण्याची रीत सांगितली. २००५ मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्याने घातलेल्या प्लास्टरच्या साच्यांनी उपचार केलेल्या १३६ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सरासरी १ वर्ष ७ महिने वयाला उपचार सुरू झालेल्या ९४ बालकांचा वाक नाहीसा झाला. सरासरी अडीच वर्षे वयाला आलेल्या उर्वरित ४२ बालकांमध्ये तो केवळ कमी करता आला. अवघ्या अकरा महिन्यांच्या विलंबाने फलित बदलले. जी वाढ वाक वाढविते, तीच वेळेवर दिशा दिल्यास तो सुधारते, हा त्यांचा सिद्धान्त आंद्रीच्या रोपट्याची आठवण करून देतो.

सर्वच मुलांची चाळणी करावी काय?

शालेय चाळणीविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २००४ मध्ये लक्षणे नसलेल्या मुलांच्या सरसकट चाळणीविरुद्ध शिफारस केली होती. २०१८ मध्ये, पट्ट्याचा पुरावा पुढे आल्यानंतर, त्याच संस्थेने आपली भूमिका बदलून उपलब्ध पुरावा निर्णयास अपुरा असल्याचे म्हटले. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून शालेय चाळणी चालू आहे. विरोधकांचे आक्षेप निराधार नाहीत. चाळणीत अनेक निरोगी मुले संशयित ठरतात, त्यांची अनावश्यक क्ष-किरण चित्रे काढली जातात आणि पालकांत भीती पसरते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक संशयितास थेट क्ष-किरणाकडे न पाठविणे. विल्यम बनेल यांनी १९८४ मध्ये वर्णिलेल्या, पाठीवर ठेवायच्या साध्या कोनमापकाने पाठीचा कल मोजता येतो. तो सुमारे ७ अंश वा अधिक असल्यासच पुढे पाठविण्याचा संकेत आहे. चित्र घ्यावेच लागले तर ते पाठीमागून घेतल्यास मुलींच्या छातीवरील किरणोत्सर्ग कमी होतो.

आपल्याकडे मुलांच्या पाठीची सार्वजनिक चर्चा झाली ती प्रामुख्याने दप्तराच्या ओझ्यावरून. १९९३ चा यशपाल समितीचा अहवाल आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे सांगणारा २०१५ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय ही त्याची उदाहरणे होत. दप्तर हलके असावे, यात वाद नाही. परंतु जड दप्तराने पार्श्ववक्रता उद्भवते, यास आधार नाही. दप्तर तोलले गेले, पाठ मात्र पाहिली गेली नाही.

मालेगावच्या संदर्भात विचार

मोसम व गिरणा या नद्यांच्या काठी वसलेले, यंत्रमागांसाठी ख्यात असलेले मालेगाव हे मुंबई-आग्रा महामार्गावरील दाट वस्तीचे शहर आहे. नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यकीय शिक्षणाचे राज्याचे केंद्र याच जिल्ह्यात आहे. शालेय तपासणीची यंत्रणाही अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातीलच पालघर येथे झाला. त्यानुसार फिरती पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. या कार्यक्रमाच्या ३० विकारांच्या राष्ट्रीय यादीत जन्मजात वाकडे पाऊल व नितंबसंधीचा दोष आहेत, परंतु किशोरवयीन पार्श्ववक्रतेचा स्वतंत्र समावेश नाही. पथक शाळेत येते, मूल समोर उभे असते, आणि पाठ पाहण्याचे कलम मात्र तक्त्यावर नसते.

याला एक सामाजिक बाजूही आहे. लहानपणी आई मुलीला न्हाऊ घालते, तेव्हा तिची पाठ आईच्या नजरेखाली असते. दहा-अकराव्या वर्षी मुलगी स्वतः स्नान करू लागते, अंगभर कपडे व ओढणी वापरू लागते. वाक वाढण्याचा काळ नेमका हाच, म्हणजे न्हाण येण्याच्या आधीचे व लगतचे वर्ष. ज्या वयात पाठ पाहणे सर्वाधिक आवश्यक, त्याच वयात ती घरातही दिसेनाशी होते. ही स्थिती कोणत्याही एका समाजाची नाही, ती मराठी व उर्दू माध्यमाच्या दोन्ही शाळांत सारखीच आहे. त्यामुळे तपासणी महिला शिक्षिकेने वा परिचारिकेने, बंद खोलीत, आईच्या संमतीने व शक्यतो तिच्या उपस्थितीत करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

शिवाय आईला स्वतःला काही खुणा सांगता येतील. एक खांदा वर असणे, एका बाजूचे खवाट पुढे येणे, कमरेची एक बाजू अधिक खोल दिसणे, शिवलेला कुर्ता एका बाजूस लोंबणे, या त्या खुणा होत. मूल पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंच दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. वेदना, पायांत अशक्तपणा वा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे असल्यास विलंब करू नये. अशा वाकामागे अन्य आजार असू शकतो.

पट्ट्याचा उपचारही परिस्थितीनिरपेक्ष नाही. मालेगावच्या उन्हाळ्यात तेरा-चौदा तास प्लास्टिकचे कवच अंगावर ठेवणे सोपे नव्हे. आत सुती बनियन घालणे, रात्रीचे तास पूर्ण वापरणे, वाढीनुसार पट्टा बदलणे आणि शाळेत चेष्टा होणार नाही याची दक्षता घेणे, या बाबी तंत्रज्ञाइतक्याच कुटुंब व शिक्षक यांच्या हाती असतात. मुलीच्या विवाहात अडथळा येईल या भीतीने विकार लपविण्याची प्रवृत्ती हा आणखी एक अडसर आहे. लपविलेला वाक थांबत नाही. वेळेवर सांगितलेला वाक पुष्कळदा थांबविता येतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, शस्त्रक्रियेविना उपचारांची परिणामकारकता आज पुराव्याने सिद्ध झाली असली तरी ती वाढीचा काळ शिल्लक असेपर्यंतच उपलब्ध असते. दुसरा, निदानाचे मूलभूत साधन १८६५ पासून उपलब्ध असून ते विनामूल्य आहे. उणीव आहे ती पाहण्याच्या व्यवस्थेची. तिसरा, सरसकट चाळणीविषयी मतभेद असल्याने, वाढीच्या वयातील मुलींची महिला कर्मचाऱ्यांमार्फत मर्यादित व कोनमापकाच्या आधारे तपासणी करणे, आणि तीही विद्यमान शालेय पथकांमार्फत, हा मध्यममार्ग योग्य ठरेल. चौथा, अध्यापक महाविद्यालये व शारीरिक शिक्षण महाविद्यालये यांच्या अभ्यासक्रमात पुढे वाकण्याच्या चाचणीचा समावेश करण्यास विशेष खर्च येणार नाही.

मूल शाळेत आणणाऱ्या राज्याने त्याच्या शरीराकडेही पाहिले पाहिजे, हा विचार १९०९ मध्ये ज्या राजाच्या कारकीर्दीत प्रत्यक्षात आला, तो याच तालुक्यातील होता. त्या विचाराची कक्षा मुलांच्या पाठीपर्यंत वाढविण्याचे काम येथील शाळा, महाविद्यालये व आरोग्ययंत्रणा यांनी हाती घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करणे अप्रस्तुत ठरू नये.